बेबीने सांगितलेले निरोप

९ एप्रिल १९६१

वन्सं,

लग्न ठरवायला आला होतात तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत, वडिलांनी बांधायला घेतलेल्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी बसून तुम्ही एक वाक्य बोलला होतात. "आमचा भाऊ बायकोवर कधी आवाज चढवणार नाही, याची जबाबदारी माझी." माझी आई दाराआडून ऐकत होती. तिला तेवढं एक वाक्य पुरलं. माझ्या वडिलांचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, त्यामुळे तिच्या लेखी सुख म्हणजे तेवढंच.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. बारा वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नाही. गेली तीन वर्षं आठ महिने तर माझ्यापुढे आवाजच काढलेला नाही.

हे तुम्हाला आजवर लिहिलं नाही, कारण लिहायचं तरी काय. तुम्ही वर्षातून एकदा चार दिवस येता, घर भरून जातं, बेबी मध्ये मध्ये नाचत असते. कोण कोणाशी बोलतंय आणि कोण नाही, ते त्या गडबडीत दिसत नाही. म्हणून आज सरळ सांगते. तुमचा भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याला अबोलाही म्हणता येत नाही, अबोला चार दिवसांचा असतो, फार तर पंधरा. आमच्या घराचं हे वळणच झालं आहे.

कारण ऐकाल तर हसाल. ह्यांचे नकाशाच्या कचेरीतले साहेब घरी चहाला आले होते. त्यांनी विचारलं, कालव्याचा नकाशा कधी पुरा होईल. हे म्हणाले, सोमवारी. मी कपबशा उचलता उचलता म्हणाले, "मागच्या सोमवारीसुद्धा सोमवारीच म्हणाले होते." साहेब हसले, हेही हसले. साहेब गेल्यावर हे टेबलाशी बसले, पेन्सिलींना टोक काढायला लागले, सातही पेन्सिलींना टोक काढून झालं आणि माझ्याशी बोलायचे थांबले.

पहिले सात महिने मी बोलत राहिले. विचारलं, चिडले, रडले, समजूत घातली. भिंतीला तरी पोपडे पडतात. मग मीही थांबले. तेव्हापासून आमच्या दोघांच्या मध्ये बेबी आहे. हे पुढच्या खोलीत टेबलाशी, मी मागे स्वयंपाकघरात आणि मध्ये तो लांब बोळ. हे इतकं हळू बोलतात की बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं तरी ऐकू येत नाही. बेबी पळत येते, धापा टाकत निरोप सांगते, मी उत्तर देते, ती पळत जाते. दिवसाला वीस खेपा. ताटसुद्धा तीच पुढे नेते.

एक मात्र मान्य करते. निरोप वाईट नसतात. 'बाबा म्हणाले, भाजी छान झालीय.' 'बाबा म्हणाले, तुला बरं नाही तर पडून राहा.' एकदा तर 'तुला निळी शाल शोभते' म्हणून निरोप आला होता. एवढ्यावर मी तगून राहिले. तोंडानं बोलत नसला तरी माणसाच्या पोटात माया आहे, असं वाटत राहिलं.

बेबी बारा तारखेला सुट्टीसाठी तुमच्याकडे येते आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती आम्हाला सोडून राहणार. ती नसताना आम्ही काय करणार आहोत, कोण जाणे. तेवढ्यात तुम्ही भावाला एक पत्र टाका. त्याच्या मनात आहे तरी काय, विचारा. जगात तो कोणाचं ऐकत असेल तर तुमचं.

तुमची वहिनी


१७ एप्रिल १९६१

वहिनी,

बेबी सुखरूप पोचली. तुझं पत्र तिच्याही आधी आलं होतं. खरं सांगायचं तर वाचून मला रागच आला. नवरा बोलत नाही म्हणून तक्रार करणारी बायको मी पहिल्यांदाच बघितली. आमच्या शेजारची मास्तरीण रोज देवाला विनवते की एक दिवस तरी ह्यांची टकळी बंद पडू दे. दारू नाही, बाहेर लफडं नाही, कचेरीतून सरळ घरी येतो. आणि तूच लिहितेस की निरोप चांगले असतात. मग तुला हवंय तरी काय? रेडिओ?

बरं, तू सरळ लिहिलंस, तर मीही सरळ लिहिते. यात दोष तुझा आहे. त्यानं मला गेल्या वर्षीच कळवलं होतं. लिहितो की ती चार दिवसांआड माफी मागते, पण पोरीच्या तोंडून. 'आई म्हणते, माझं चुकलं.' अगं, मोठ्या माणसानं लेकराच्या हातून का माफी पाठवायची? त्याला ते लागतं. ही स्वतः उठून का येत नाही, असं त्याला वाटतं, आणि मला विचारशील तर त्याचं बरोबर आहे. बोळ कितीही लांब असला तरी दहा पावलांचा. चालून जा. त्याच दिवशी मिटेल. मी ओळखते त्याला. अकरा वर्षांचा असल्यापासून मीच वाढवलाय.

बेबी इथे मजेत आहे. आमचे हे तिला बुद्धिबळ शिकवतायत आणि मुद्दाम हरतायत.

तुझी वन्सं


२३ एप्रिल १९६१

वन्सं,

मी माफी मागितलेली नाही. एकदाही नाही. माझ्या हातून बाकी शंभर गोष्टी घडल्या असतील, पण ही नाही. तुमच्या भावानं हे कुठून आणलं, ते त्यालाच ठाऊक. न बोलता खोटं कसं बोलतात, ते मला या वयात शिकायला मिळालं.

तरी तुमचा शब्द मोडला नाही. परवा दहा पावलं चालून गेले. टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्याशी का बोलत नाही ते एकदा सांगून टाका, मग पुन्हा विचारणार नाही. ह्यांनी शाईचं पेन धुतलं, फडक्यानं पुसलं, खणात ठेवलं आणि चपला घालून बाहेर गेले. संध्याकाळी ओट्यावर चिठ्ठी होती. 'कामाच्या वेळी टेबलाशी येऊ नये.'

हो, आता चिठ्ठ्या येतात. बेबी गेली त्याच दिवसापासून. नकाशाच्या कागदाची कातरणं उरतात, त्यांचे एकसारखे चौकोन कापून, छापल्यासारख्या अक्षरात. 'मीठ कमी. काल पण.' 'शर्टाचे बटण. तीन दिवस झाले.' 'चहा गार.' 'खिडकी उघडी राहिली. कागद उडाले.' अकरा दिवसांच्या चिठ्ठ्या मी एका डब्यात टाकल्यात. एकीतही भाजी छान झालेली नाही. पोर घरात नाही म्हणून चिडचिड होत असेल, असं मी मनाला सांगते आहे. मनाला काय, ते काहीही ऐकून घेतं.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, तीही आज सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलींच्या उद्योगशाळेतून मला बोलावणं आलं होतं, पुस्तकबांधणी शिकवायला. तिथल्या बाईंनी माझ्या वडिलांचं काम पाहिलेलं होतं. घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवणं, खळ लावणं, पुठ्ठे चढवणं हे मी परकर नेसत होते तेव्हापासून करते. दुसऱ्या गावी, राहायला खोली. बेबीकडून ह्यांना कळवलं. उत्तर आलं, 'बाबा म्हणाले, नको जाऊस. तू गेलीस तर घर कसं चालेल.' वन्सं, मी कोठीत जाऊन रडले. दुःखानं नव्हे. नको जाऊस, असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. शाळेला नकार कळवला.

ती जागा पुन्हा रिकामी झाली आहे. बाईंचं परवाच पत्र आलं. बारा जूनपासून. अजून उत्तर दिलेलं नाही.

वहिनी


१ मे १९६१

वहिनी,

तू नाही म्हणतेस, तो हो म्हणतो. मी कोणाचं खरं धरू? माझा भाऊ हट्टी असेल, पण लहानपणापासून खोटं बोललेला मला आठवत नाही. आणि ते बांधणीचं खूळ डोक्यातून काढ. आता कायदे बदललेत, बायका कचेऱ्यांतून बसतात, सगळं मान्य, पण नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी, याला काही संसार म्हणत नाहीत. पोटात एक मूल आणखी राहिलं असतं तर हे विचार सुचले नसते.

जाऊ दे. तुला जरा हसवते. परवा आमच्या ह्यांचा चष्मा हरवला. तो रोजच हरवतो. पुढच्या खोलीतून हाका मारायला लागले. मी कणकेत कोपरापर्यंत बुडालेली. बेबीला म्हटलं, जा, आतोबांना सांग, चष्मा डोक्यावर नाहीतर उशीखाली असेल, माझे हात भरलेत, मी काही येणार नाही. तासभर झाला तरी हे गप्पच. मला घोर लागला. जाऊन बघते तर खुर्चीत हसत बसलेले. म्हणाले, "तू येतेस असा निरोप आला, म्हणून वाट बघतोय. आणि माझ्या डोळ्यांची तुला काळजी वाटते, हेही कळलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच."

मी कपाळाला हात लावला, कणकेसकट. बेबीला विचारलं, अगं, मी असं कधी म्हटलं? तर शांतपणे म्हणते, "आत्या, निरोप असाच सांगायचा असतो." आम्ही दोघं पोट धरून हसलो. आता हे दिवसभर काही ना काही निरोप पाठवत असतात, उत्तर काय येतंय ते बघायला. गुणी आहे गं तुझी मुलगी. लबाड, पण गोड लबाड. कोणी शिकवलं हिला?

पाच तारखेच्या गाडीला तिला बसवून देते.

वन्सं


८ मे १९६१

प्रिय आत्या,

मी घरी पोचले. गाडीत खिडकी मिळाली. स्टेशनवर आई आणि बाबा दोघंही आले होते. बाबांनी आईच्या हातातली पिशवी घेतली. बाबा आईला म्हणाले, बेबी किती उंच झाली. आई म्हणाली, हो ना. मग आम्ही तिघं बोलत बोलत घरी आलो. आतोबांना सांग की घोडा अडीच घरं चालतो ते मी विसरले नाही.

आईनं तुला नमस्कार सांगितला आहे. बाबांनी पण सांगितला आहे. आईनं तुझ्यासाठी एक कोरी वही शिवली आहे, ती नंतर पाठवीन. बाबांना पत्र लिहिशील तेव्हा आई फार चांगली आहे असं लिही. मी सांगितलं असं लिहू नकोस.

तुझी बेबी


११ मे १९६१

वन्सं,

बेबीनं तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही. पाकीट तिनंच चिकटवलं. स्टेशनवर मी एकटीच गेले होते. हे त्या दिवशी घरीच होते, टेबलाशी.

तुमची चष्म्याची गोष्ट मी ओट्यापाशी उभ्यानं वाचली आणि वाचून खाली बसले. तुम्ही हसलात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्या घरात ती गंमतच होती.

बेबी आली, दोन दिवस तिला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालायला बसवली. वेणी हातात असली की पोरीला पळता येत नाही. विचारलं, निळी शाल मला शोभते, असं बाबा कधी म्हणाले होते? तिनं रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. पुन्हा विचारलं.

"त्यांनी बघितलं होतं."

"म्हणाले होते का?"

"बघितलं होतं ना, आई."

मग एकेक धागा ओढत गेले आणि सगळंच उसवलं. भाजी, पडून राहा, तब्येतीला जप, सगळं तिचं. तिचे बाबा म्हणायचे, मीठ कमी. ती बोळातून पळत येता येता त्याचं भाजी छान करायची. आणि माझ्याकडून जाताना दर चार दिवसांनी तिनं 'आई म्हणते, माझं चुकलं' असं सांगितलं. मी विचारलं, का गं? म्हणाली, "म्हणजे बाबा तुझ्याशी बोलतील." त्यामुळे तुमचा भाऊ खोटं बोललेला नाही. मी त्याला खोटा म्हटलं, ते मागे घेते. त्याला खरोखरच तीन वर्षं माफ्या मिळत होत्या, आणि त्या त्याला पुरत नव्हत्या.

शेवटी उद्योगशाळेचं विचारलं. तेव्हा बाबा खरं काय म्हणाले होते?

"ते म्हणाले, जायचं तर जाऊ दे."

"मग तू मला तसं का नाही सांगितलंस?"

"तू गेली असतीस."

मी तिची वेणी सोडली आणि पुन्हा घातली. मग परत सोडली. तिच्यावर रागवावं तर कोणत्या तोंडानं. माझी समजूत अशी होती की माझा मुका नवरा आतून बरा आहे. त्या बऱ्या माणसासाठी मी दोन वर्षांपूर्वी पाय मागे घेतला. आता कळतं की तो माणूस माझ्या मुलीनं बनवलेला होता. चांगला बनवला होता हो. त्याला दिसायचं, त्याला काळजी वाटायची. अशीच एक पश्चात्ताप करणारी बायको तिनं त्यालाही बनवून दिली होती. ते दोघं सुखानं नांदत होते. आम्ही दोघं आपले पुढे-मागे वावरत होतो.

मी उद्योगशाळेला होकार कळवला आहे. बारा जूनला रुजू व्हायचं. ह्यांना मी स्वतः, टेबलाशी जाऊन, कामाची वेळ टाळून सांगितलं, की मी जाते आणि बेबीला घेऊन जाते. चिठ्ठी आली. 'तू जा. बेबी इथेच राहील.'

वकिलांकडे जाऊन आले. सज्जन आहेत, चहा पाजून वाईट बातमी सांगितली. सुटका हवी तर नव्या कायद्यानं मागता येते. पण मुलगी नऊ वर्षांची, आणि कायद्याच्या लेखी तिचा पालक पहिल्यांदा बाप. तो हो म्हणाला तर प्रश्नच नाही. नाही म्हणाला तर कोर्टात ती लग्नाच्या वयाची होईल. त्यांनी मला विचारलं, तुमचे यजमान कोणाचं ऐकतात? मी तुमचं नाव सांगितलं.

वहिनी


२१ मे १९६१

वहिनी,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. हे म्हणाले, कपाट तिसऱ्यांदा आवरतेस, त्यापेक्षा काय ते लिहून टाक.

'कोणी शिकवलं हिला' असं मी विचारलं होतं. वहिनी, असलं कोणाला शिकवावं लागत नाही. मी आठ वर्षांची असताना आमचे वडील आईशी बोलायचे बंद झाले. कशावरून ते मला आजही माहीत नाही. बहुतेक त्यांच्याही लक्षात राहिलं नसावं. तुझा नवरा तेव्हा पाळण्यात होता. वडील पुढे, आई मागे, मध्ये मी. अकरा वर्षं. आई खोकायची. वडील म्हणायचे, "तिला म्हणावं, खोकू नको, काम सुचत नाही." मी मागे जाऊन सांगायची, बाबा विचारतात, खोकला कसा आहे. आई म्हणायची, त्यांना सांग, आता बरा आहे. बरा नव्हताच.

ती गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जाताना म्हणाली, काही झालं तरी माणूस कधी ओरडला नाही, विचारपूस करत राहिला. समाधानानं गेली गं. तुझ्या आईसमोर मी ते वाक्य बोलले ते काही फसवायला नाही. आमच्या घरात तोच मोठा गुण होता. दुसरा गुण बघायला मिळाला असता तर तोही सांगितला असता.

पण मला सांग, यात वाईट काय झालं? आई सुखानं गेली. मला माणसं सांभाळायची सवय लागली, माझा संसार झाला. बेबीचंही तसंच होईल.

तू म्हणतेस, भावाशी बोला. तेच मला जमायचं नाही. आई गेल्यावर तो अकरा वर्षांचा पोर मला रोज विचारायचा, बाबा आईशी बोलत का नव्हते? मी त्याला सांगितलं, त्यांचं इतकं प्रेम होतं की बोलायची गरजच नव्हती. आईला सगळं न बोलता कळायचं. वर्षभरात वडील गेले आणि मी त्याला माझ्या सासरी घेऊन आले. त्या एका गोष्टीवर तो मोठा झाला. चांगल्या बाईला न बोलता कळतं, हे त्याला मी शिकवलं. आता या वयात मी त्याला काय तोंडानं सांगू, की ते मी रचलं होतं? मग तो विचारेल, आणखी काय काय रचलंस. मला उत्तर देता येणार नाही.

म्हणून मी दुसरा मार्ग काढलाय. तू नोकरीवर जा. बेबीला माझ्याकडे ठेव. आमच्या ह्यांचाही जीव तिच्यावर जडलाय. शाळा दोन गल्ल्यांवर आहे. भावाला मी लिहिते की ही कल्पना तुझीच आणि तू ती त्याची माफी मागून कळवली आहेस. म्हणजे तो हो म्हणेल.

वन्सं


२८ मे १९६१

वन्सं,

तुमच्या पत्राचा शेवट मी तीनदा वाचला. आधी हसू आलं, मग संताप. शेवटी तुमची कीव आली, तुम्हाला ती आवडणार नाही. अकरा वर्षं काय केलं ते दोन पानं भरून सांगितलंत आणि तिसऱ्या पानावर तेच करायला निघालात. तुम्ही भावाला असलं काहीही लिहू नका. मी माफी मागितलेली नाही. हे वाक्य मी आता किती वेळा लिहायचं?

बेबी तुमच्याकडे राहणार नाही. तिथे ती सुखात राहील, याबद्दल शंका नाही. आतोबांना दिवसाला वीस गोड निरोप मिळतील. त्याचीच मला धास्ती आहे. तुम्ही म्हणता, आई समाधानानं गेली. गेली असेल. पण आठ वर्षांची ती मुलगी अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी अजून बोळातून धावतेच आहे, आणि तिला एका पत्राचं उत्तर द्यायला सहा दिवस कपाट आवरावं लागतं. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. बारा वर्षांत माझ्याशी इतकं खरं तुमच्याखेरीज कोणी बोललेलं नाही.

इथे काय झालं ते ऐका. मी बेबीला सांगितलं, आजपासून निरोप न्यायचा नाही, आणायचा नाही. म्हणाली, मग मी काय करू? म्हटलं, खेळ, वाच. आता ती बोळात मधोमध पुस्तक घेऊन बसते. अर्धा अर्धा तास पान उलटत नाही. दोन्हीकडे कान.

मंगळवारी ह्यांनी तिला बोलावून विचारलं, आई काय म्हणते. तिनं मी शिकवलं होतं तसं उत्तर दिलं, "बाबा, तुम्हीच विचारा." ह्यांनी म्हणे तिच्याकडे नुसतं बघितलं. आणि तेव्हापासून, वन्सं, ते तिच्याशीही बोलत नाहीत.

आज पाचवा दिवस. परवा तिच्या वहीवर चिठ्ठी होती, तसाच चौकोन कापलेला. 'दप्तर जागेवर ठेवावे.' ती चिठ्ठी घेऊन ती स्वयंपाकघरात आली. धापा टाकत. मला म्हणाली, "आई, बाबा म्हणाले, दप्तर किती छान आवरलंस." चिठ्ठी तिच्या हातात होती. अक्षरं माझ्याकडे वळलेली. मला ती वाचता येत होती, हे तिला दिसत होतं. तरी माझ्याकडे बघत उभी राहिली, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मी म्हटलं, हो का. मीही तिच्यात जाऊन मिळाले.

या घरात ती आणखी एक वर्ष राहिली तर स्वतःच्या बापाला स्वतःसाठीच रचायला लागेल. मग तिला तिथून कोणीच बाहेर काढू शकणार नाही. मी तिला इथे ठेवून जाणार नाही. आणि ह्यांनी हो म्हटल्याशिवाय तिला नेता येणार नाही. बारा तारखेला मी शाळेत उभी राहिले नाही, तर ती जागा दुसरीला जाईल. बाईंनी तसं स्पष्ट लिहिलं आहे, त्यांचं काही चुकत नाही.

मला ह्यांच्याबद्दल द्वेष वाटत नाही. तुमचं पत्र वाचल्यावर तर तो अकरा वर्षांचा पोरगाच डोळ्यांपुढे येतो, न बोलता कळणारी बाई शोधणारा. त्याला ती मिळाली नाही, मिळाली असती तरी तिचं काय झालं असतं ते तुमच्या आईला विचारायला हवं होतं. पण त्याच्या त्या शोधापायी मी माझी मुलगी देणार नाही.

म्हणून हे मागते. येत्या रविवारी, चार तारखेला, सकाळच्या गाडीनं या. भावाच्या समोर खुर्ची ओढून बसा. मला जे लिहिलंत ते त्याला सांगा. वडील आईला काय म्हणायचे आणि तुम्ही मागे जाऊन काय सांगायचात, दोन्ही. मग सांगा, पोरीला तिच्या आईबरोबर जाऊ दे. तो विचारील, आणखी काय काय रचलंस. तेही सांगा, आठवेल तेवढं.

तुम्ही येणार नाही, हे मी ओळखून आहे. तुमचं पत्र येईल. त्यात गुडघे दुखत असतील, आतोबांना पडसं झालेलं असेल आणि भाऊ मनाचा वाईट नाही असंही कुठेतरी असेल. ते पत्र मी वाचीन आणि डब्यात ठेवीन. तरी विचारायचं ते विचारते, माझ्या स्वतःच्या तोंडानं, मध्ये कोणी नाही. रविवारी याल का?

वहिनी